फळ्याशेजारची खुर्ची

मित्रांनो, एक हात मोडलेला, बैठकीची फळी तडकलेली. अशा जुन्या खुर्चीला पाहून तुम्ही हसाल. हसा. पण बेलापूरच्या खाडीकाठी एका शाळेत भलेभले शिक्षक मला बघून घाम पुसत असत.

मला सिताराम सुताराने घडवलं. तो शेजारच्या दिवाळे गावातल्या होड्या दुरुस्त करी, आणि अशाच एका मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. अंगात खारं पाणी मुरलेलं, त्यामुळे वाळवी माझ्या वाटेला गेली नाही. शाळेने मला चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीला लावून ठेवलं. माझ्यावर फक्त तपासणीचे साहेब बसत. ते पाय हलवत धडा ऐकत, निघून जात, आणि मागोमाग कोणाची तरी बदली होई. खुर्ची करकरली की कुणाचं तरी बिऱ्हाड हलतं, असं मुलं म्हणत. मला वाईट वाटे, पण खोटं तरी कसं म्हणू?

ऐंशी साल उलटलं होतं. नवं शहर वसत होतं. खिडकीबाहेर दिवसभर डंपर भराव टाकत, आणि खाडी मागे मागे सरके. नव्या शहराच्या सेक्टरात नवी शाळा निघाली, तशी आमच्या वर्गातली एकेक जागा रिकामी होऊ लागली. पट असाच घसरला तर एक शिक्षक जादा ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण जाणार, हे मात्र कोणी बोलत नसे.

अशा वेळी परभणीकडून सुचित्राबाई आमच्या वर्गावर आल्या. जीव तोडून शिकवत. पण वर्ग गपगार. भागाकार आला की मुलं पाटीत डोकं खुपसत. एकदा शाळा सुटल्यावर बाई फळा पुसता पुसता रडू लागल्या. शेजारच्या वर्गातले वामन गुरुजी गावचेच. ते दारात येऊन उभे राहिले.

“रडता कशाला, बाई? मी तुमच्या वर्गान बसतो, तुमी माज्या वर्गान बसा. चुकला ता एकमेकांना सांगू. भायेर कोनाला नाय.”

“बसा, पण त्या साहेबांच्या खुर्चीत नका बसू. मला धडकी भरते.”

गुरुजी हसले. त्यांनी मला ओढत नेलं आणि फळ्याशेजारी, मुलांकडे तोंड करून ठेवलं. “तुमच्याकडं काय बगायचा? मना पोरांची तोंडां बगायचीत.”

मित्रांनो, इतकी वर्षं मी मुलांच्या नुसत्या माना पाहिल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा डोळे पाहिले.

पहिल्या बाकावर कोळ्यांची पुतळा बसे. तिची पाटी कोरी असायची. पण बाकाखाली ती चिंचोक्यांचे सारखे वाटे करत होती, आईच्या टोपलीतल्या मासळीचे करते तसे. गुरुजींनी ते हेरलं आणि बाईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी जमिनीवर चिंचोके पसरले. “हे बांगडे. पाच गिऱ्हाइकं आलीत. करा वाटे!” केवढा कालवा झाला! पुतळा तर बाईंनाच समजावून सांगू लागली.

मग बाई गुरुजींच्या वर्गात जाऊन बसल्या. “राग नका मानू गुरुजी, पण प्रश्न तुम्ही विचारता अन् उत्तरबी तुम्हीच देऊन टाकता.” तेव्हापासून गुरुजी प्रश्न विचारला की खडू ओठांत धरून उभे राहू लागले. मुलं आधी हसली, मग उत्तरं देऊ लागली. माझे ते सोन्याचे दिवस होते. करकरायचं मी विसरलेच होते.

आणि एका सकाळी मुख्याध्यापक श्यामसुंदर सर दारात आले. ते घाटावरचे, गावात नवे, आणि त्यांना गडबड खपत नसे. त्याच आठवड्यात त्यांना जादा शिक्षकाचं नाव वर कळवायचं होतं. गुरुजींना याचा पत्ता नव्हता. मलाही ते मागाहून कळलं.

“वामनराव, तुम्ही बाईंच्या वर्गात बसता. कसं काय शिकवतात?”

आता खाडीकाठची रीत ऐका. जाळं भरून आलं तरी इथं कोणी “भरपूर” म्हणत नाही. “काय नाय, थोडा घावला” म्हणतात. गुटगुटीत बाळाला “रोडावलाय” म्हणतात. चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, अशी समजूत. गुरुजींचा चेहरा अभिमानाने फुलला होता, म्हणूनच ते म्हणाले, “काय नाय सर, चाललाय आपला. पोरां जरा कालवा करतान.”

मी होडीच्या लाकडाची. मला त्यातलं कौतुक कळलं. सर नुसते “बरं” म्हणाले आणि वळले. घाटावरच्या सरांना ते कौतुक कळलंच नाही.

जादा शिक्षक म्हणून बाईंच्या बदलीचा हुकूम आला. कालव्याची गोष्ट गुरुजींनीच सांगितली, हे सरांकडून ऐकून बाईंनी पिशवी भरली. “गुरुजी, बाहेर कोणाला सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

गुरुजी धावत सरांकडे गेले. “मी ता चांगलाच म्हनलो व्हतो!”

“चांगलं असं कधी म्हणालात? आता नाव गेलंय, वामनराव.”

पुढच्या आठवड्यापासून पुतळा दिसेनाशी झाली. आईबरोबर टोपली घेऊन जाते, असं मुलं म्हणाली. वर्ग शाळेतल्याच मीनाबाईंकडे आला. गुरुजींनी मोठ्या आशेने मला फळ्याकडे ओढलं, तर त्या मागे सरल्या. “नको, गुरुजी. मागच्या बाईंचं काय झालं, ऐकलंय मी.” मी पुन्हा भिंतीला लागले, आणि पुन्हा करकरू लागले.

मित्रांनो, माझं दुखणं सुताराला बरं करता येईल, त्याची काळजी नको. पण तुमच्या शेजारी कोणी मन लावून काम करत असेल, तर त्याचं चांगलं पोटात ठेवू नका. विचारेल त्याला स्पष्ट सांगा, वेळ असताना सांगा. वामन गुरुजी अजून शाळा सुटली की माझ्यावर येऊन बसतात आणि रिकाम्या बाकांकडे बघत मोठ्याने म्हणतात, “बाई लय चांगल्या शिकवायच्या.” ऐकायला मी एकटीच असते.