येसूबाईची डोली

माणूस डोलीत बसला की तो वर कशासाठी चाललाय हे आपल्याला कळतं, असा नामाचा तोरा होता. आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

आगगाडी बोरघाट चढून पुण्याला जायला लागून पंचवीस वर्षं उलटली होती, पण माथेरान अजून माणसांच्या खांद्यावरून नाहीतर जनावराच्या पाठीवरूनच चढायचं. मुंबईची मंडळी नेरळला उतरली की कोणी तट्टावर बसे, कोणी डोलीत. दोन दांड्यांमध्ये बांधलेली वेताची खुर्ची आणि तिच्याखाली चार गडी, ही डोली. नामाच्या डोलीला पुढं तो स्वतः आणि चांगो, मागं कमळ्या आणि कान्हा. बाकीचे डोलीवाले येईल त्या उतारूला दरी दिसणारी ठरलेली टोकं फिरवून आणत, आणि 'हे बघा, ते बघा' करून मोकळे होत. नामाला ते पटत नसे. "सगळ्यांच्या पानात एकच भाजी वाढायला ही काय पंगत हाय?" तो म्हणायचा.

दम्याचे एक पारशी शेटजी होते, त्यांना तो वाऱ्याच्या टोकावर कधीच न्यायचा नाही. जांभळीच्या आडोशाला, ऊन पडेल अशा बेतानं बसवायचा. चित्रं काढणारी एक मड्डम आली, तर तिला दुपारची मावळतीच्या कड्यावर बसवून चार तास स्वतः तोंड मिटून राहिला, वर कमळ्याला शिंकूही दिलं नाही. गिरगावातले एक वकील आले होते, तरणाताठा मुलगा गेलेला. त्यांना नामानं एकही टोक दाखवलं नाही. दाट झाडीत, जिथून काही म्हणता काही दिसत नाही अशा जागी खुर्ची टेकवली आणि आपण लांब जाऊन बसला. वकील पोटभर रडले. पुढच्या वर्षी गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी आधी नामाची चौकशी केली.

तेव्हा नामाला थोडा ताठा चढला असेल तर त्यात नवल नाही. फक्त दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो त्याच्या घरातच, चुलीपाशी बसलेला होता.

त्याची आई येसूबाई पंचावन्नाची. गुडघे कधीच कामातून गेलेले, आणि आता डोळेही जायला लागले होते. पौषात वैदू येऊन गेला. त्यानं दोन्ही पापण्या उचलून पाहिल्या आणि मोतीबिंदू पिकत आलाय, पाऊस सुरू होईस्तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं सरळ सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी येसूबाई चुलीत लाकूड सारता सारता म्हणाली, "नाम्या, डोळं जायच्या आत मला एकदा चौक दावशील का रं?"

चौक म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याचं गाव, खालापूरकडचं. येसूबाईचं माहेर. दहाव्या वर्षी लग्न होऊन ती नेरळच्या बाजूला आली, आणि वर्ष सरायच्या आत पटकीनं तिचे आईबाप एका आठवड्यात गेले. भाऊ मुंबईला गोदीत गेला तो परतला नाही. घर पडलं. "आता तितं हाय कोण तुजं?" असं तिच्या नवऱ्यानं विचारलं, तिला काही उत्तर सुचलं नाही, आणि तिथंच माहेर संपलं. बाईचं माहेरी जाणं एकदा थांबलं की ते थांबलंय हे कोणाच्या ध्यानात राहत नाही, तिच्या एकटीच्या सोडून.

"गाडी जुपू का?" नामानं विचारलं. "कर्जतवरनं वळसा घालून दोन दिसांत जाऊ."

"जाऊन कुनाच्या दारात हुबी ऱ्हाऊ? नगं. लांबनंच दाव."

नामाला तेवढं पुरे झालं! त्यानं आपला नेहमीचा हिशेब केला : हिला बघायचंय, भेटायचं नाही. हे काम तर रोजचंच. माथेरानच्या दक्षिणेला एक टोक आहे, तिथं उभं राहिलं की चौक थेट पायाखाली दिसतं. आईला डोलीनं वर न्यायचं, तासभर बसवायचं, पोटभर बघू द्यायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी. नाताळची गर्दीही ओसरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं डोली दारात आणून ठेवली.

येसूबाईनं डोलीकडं पाहिलं, खालच्या चार गड्यांकडं पाहिलं, आणि ओट्यावर बसकण मारली.

"मी नाय बसायची."

"का गं आये?"

"चौघांच्या खांद्यावरनं जायाची माजी येळ अजून आली नाय. आली म्हंजी जाईन गुमान, तवा इचारू नगस."

चौघे गडी एकमेकांकडं बघू लागले. वीस वर्षं डोली वाहिली, पण त्यांच्यातल्या कोणाच्याही घरचं माणूस जिवंतपणी तिच्यात बसलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. नामानं समजूत घातली, मग आवाज चढवला, मग गयावया केली. "अगं, रोज सायब बसत्यात तिच्यात!"

"सायबाला पेटीत घालून पुरत्यात. त्याला काय ठावं तिरडी?" येसूबाई म्हणाली.

सूर्य वर येऊ लागला. नामाला धाकधूक वाटायला लागली. आज राहिलं तर ते राहिलंच, आणि पावसाळा काही आईच्या डोळ्यांसाठी थांबणार नव्हता. तेवढ्यात त्याची बायको सुंदरा पदर खोचून पुढं आली. ती रोज साहेबलोकांच्या ट्रंका आणि वळकट्या डोक्यावरून माथेरानला पोचवायची, तिला चढाचं कौतुक नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तिरडीला बाईचा खांदा लागल्याला कदी बगितलाय का तुमी?"

"नाय बाई. बाई कशी खांदा देईल?"

"मंग झालं तर." तिनं कान्ह्याला बाजूला केलं, डोक्यावरची चुंबळ काढून खांद्यावर ठेवली, कारण कमळ्याच्या मानानं ती चार बोटं बुटकी होती, आणि दांडीखाली जाऊन उभी राहिली. "आता ही तिरडी नव्हं. बसा."

येसूबाईनं सुनेकडं पाहिलं. मग उठली, आणि नवरी बसावी तशी पदर सावरत डोलीत बसली. चांगो पुटपुटला की बाई डोलीखाली म्हणजे गाव हसेल. गाव हसलंच. वेशीपर्यंत बायका-माणसं घराबाहेर येऊन बघत होती, आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन मोकळ्या हातानं मागून चाललेल्या कान्ह्याची तर इतकी थट्टा झाली की तो पहिल्या वळणापर्यंत मान वर करीना.

चढाच्या वाटेवर नामा नेहमीच्या सवयीनं बोलू लागला. आये, ही दरी बघ; आये, इथं मागल्या साली बिबट्या आला होता. "वाटंकडं बघ, ठेचकाळशील," येसूबाई म्हणाली. तिच्यापुढं त्याची विद्या चालेना. पण त्याला वाईट वाटलं नाही, टोकावर पोचू दे, मग बघू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दुपारी ते चौकाच्या टोकाला आले. वारा पडलेला, हवा स्वच्छ. नामानं कड्यापासून चार हात मागं खुर्ची टेकवली, आईचा हात धरून तिला उभं केलं आणि बोट दाखवलं. "त्ये बघ. तळं चमकतंय नव्हं, त्याच्या अंगाला. त्येच चौक."

येसूबाईनं कपाळावर हात धरला. धुरकट का होईना, तिला दिसलं. तळं दिसलं, तळ्याकाठच्या वडाचा काळा ठिपका दिसला, कौलं दिसली. कोणाच्या तरी परसातून निघालेला धूरही दिसला. नामा आईच्या तोंडाकडं बघत वाट पाहू लागला. आता ती रडेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"येवढंच?" येसूबाई म्हणाली.

"काय येवढंच?"

"येवढंच लांब हाय?" आणि ती एकदम भडकली. "हितनं हाक मारली तर खालचं कुत्रं भुंकंल! पंचेचाळीस वर्सं मी या डोंगराकडं बगून डोळं पुसलं. तुजा बाप म्हनायचा, लई लांब पडतं. काखंत कळसा न् गावाला वळसा! आन् तू रं? ईस वर्सं हितं येतूस. कदी घरला येऊन बोल्लास, का आये, तुजं चौक दिसतं म्हून?"

नामाला तोंड वर करवेना. कारण खरं होतं. याच जागी उभं राहून त्यानं शेकडो साहेबांना 'तो प्रबळगड, आणि खाली ते चौक' असं एका सुरात सांगितलं होतं. ते चौक म्हणजे आपल्या आईचं चौक, हे त्याच्या जिभेला कधी जाणवलंच नव्हतं. मुलुखातल्या लोकांच्या मनातलं ओळखणारा गडी, आणि आईच्या बाबतीत ठार आंधळा. त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

"चुकलं आये," तो म्हणाला. "आता बस, भाकरी खा. मंग परत निगू."

"परत न्हाई. खाली उतरायचं. तिकडं."

"अगं, पर तितं हाय कोन तुजं?" बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हे वाक्य बापाचं होतं.

या खेपेला येसूबाईपाशी उत्तर होतं. "मी हाय की," ती म्हणाली.

खाली जाणारी वाट होती. चौकाकडच्या दूधवाल्या, गवतवाल्या बाया रोज तिनं चढायच्या. पण ती होती एका माणसाच्या पावलापुरती, डोली काही तिच्यातून जाण्यासारखी नव्हती. नामानं क्षणभर वाटेकडं पाहिलं. मग गड्यांना रिकामी डोली घेऊन नेरळला जायला सांगितलं आणि आईपुढं पाठ करून खाली बसला. "चल. मुराळी बहिनीला न्यायला येतो, मी आईला न्येतो."

ती त्याच्या पाठुंगळी बसली. पुढं सुंदरा, काट्या बाजूला सारत, निसरडा धोंडा आला की ओरडून सांगत. उतार जिवावरचा होता. नामाच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, दोनदा त्याला कातळाला टेकावं लागलं. पण पाठीवरून कधी नव्हे ती आईच बोलत होती. हा ओढा, यात आम्ही खेकडं धरायचो. ही करवंदांची जाळी. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी एकदाही चुकली नाही.

उन्हं कलायच्या सुमारास ते गावात शिरले. तळ्याच्या अलीकडं पहिल्याच ओट्यावर एक म्हातारी सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली. "कुठलं पावनं म्हनायचं?"

येसूबाई पाठीवरून उतरली. लुगडं सारखं केलं, आणि सुनेचा हात सोडून एकटी दोन पावलं पुढं गेली.

"पावनी नाय मी. सोनी. आबाजीची सोनी."

नामानं मागं वळून पाहिलं, ही सोनी कोण आली म्हणून. मागं कोणीच नव्हतं. मग त्याला उमगलं. लग्नात नवरीचं नाव बदलतात हे काय त्याला ठाऊक नव्हतं? सुंदराचं गोदा हे नाव त्यानं स्वतःच बदललं होतं. पण आईलाही आधीचं एक नाव असेल, असं अडतीस वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि घरात कोणी ते उच्चारलंही नव्हतं. सुंदरा उघडउघड रडत होती.

म्हातारी उठून जवळ आली. येसूबाईच्या कपाळावरचे केस तिनं अंगठ्यानं मागं सारले, आणि जुनी खोक चाचपून पाहिली. "सोने? बोरीवरनं पडल्याली सोनी?"

"पडल्याली म्हनं! फांदी कुनी हालवली, भागे?"

भागूबाई खो खो हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. पण तिनं गळामिठी घातली नाही की पाण्याचा तांब्या आणला नाही. "मंग हुबी का? बस की," म्हणाली, आणि अर्ध्या शेंगा तिच्यापुढं सारल्या. येसूबाई बसली, आणि न बघता भराभर शेंगा सोलू लागली.

नामा हळूच म्हणाला, "आये, दिस बुडाया आला. आजची रात कुटं तरी टेकू, सकाळच्याला निगू."

"तुमी दोगं निगा सकाळच्याला," येसूबाई मान वर न करता म्हणाली. "मी चार दिस माहेरी ऱ्हाते."

"चार?" भागूबाईनं सूप आपटलं. "पंचेचाळीस वर्सांचं माहेरपन चार दिसांत उरकतं व्हय गं?"