शेजारचा दात

मी दात बनवते. पंचवीस वर्षं झाली. माझी कॅप तोंडात बसली की ज्याचा दात त्यालाही ती शोधावी लागते, असं माझा दादाच लोकांना सांगायचा. दादा दातांचा डॉक्टर. तो तोंडात डोकावतो आणि मी त्याच्या दवाखान्यामागच्या गल्लीत, भट्टीशेजारी, चिनी मातीचे थर चढवत बसते.

आणि एकाच महिन्यात माझ्या दोन कॅप परत आल्या. दोन्ही एकाच बाईंच्या. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, समोरचा वरचा दात तुटलेला. दोन्ही वेळा तक्रार तीच: शेजारच्या दातापेक्षा पांढरी.

"अगं, वय होतंच माणसाचं," दादा म्हणाला. "डोळे दगा देतात. गुरुवारी तिसरी बसवून बघू. पण नव्या लॅबवाल्यालाही बोलावलंय मी. या वेळी चुकलं तर पुढचं काम त्याच्याकडे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? खोलीत येऊन मात्र मी रागानं रडले. या धंद्यात नजर गेली की उरतं काय?

दादानं नवा कॅमेरा घेतल्यापासून तो मला दातांच्या फोटोची रॉ फाइल पाठवायचा. 'त्यात सगळं येतं,' म्हणायचा. त्याच फोटोवरून मी रंग जुळवत होते. डोळे पुसले आणि तडक दवाखान्यात जाऊन त्याच्या पडद्यावर तो फोटो उघडायला लावला. तेच ओठ, तोच तुटका कोपरा. दात मात्र पिवळसर!

"कुणी रंग बदलला?"

"हातसुद्धा लावला नाही कुणी."

पडद्याचा दोष असेल म्हणून तो फोटो उघडायचा त्याचा प्रोग्राम मी माझ्या कॉम्प्युटरवर टाकला. आता पडदा एक, फाइल एक, आणि खिडक्या दोन. माझ्या प्रोग्राममध्ये दात पांढरे, त्याच्यात पिवळे. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. रॉ फाइल हा तयार फोटो नव्हेच. कॅमेऱ्यात कुठे किती उजेड पडला एवढंच ती सांगते. त्यातून रंग तयार करतो तो प्रोग्राम, आपापल्या पद्धतीनं. शिधा एकच दिला तरी दोन घरची चव वेगळी लागते, तसं. आणि मी खुळी, एका घरची चव खरी मानून महिनाभर भट्टी तापवत होते!

मग खरा रंग कुठला? दोन्हींतला एकही नाही.

मी दादाला बाईंना परत बोलवायला लावलं. नमुन्याच्या दातांच्या पट्टीतला पाच नंबरचा दात त्यांच्या शेजारच्या दाताला टेकवून फोटो काढ म्हटलं. तो कुरकुरला, पण काढला. एका प्रोग्राममध्ये दोन्ही दात पांढरे झाले, दुसऱ्यात दोन्ही पिवळे. पण दोन्हीकडे बाईंचा दात नमुन्यापेक्षा केसभर गडद. आणि तसाच पाच नंबरचा दात तर माझ्या तळहातावर होता; त्याहून केसभर गडद कॅप करायची. बस्स, एवढंच हवं होतं मला.

गुरुवारी दादानं माझ्यासमोरच कॅप बसवली. तेवढ्यात नवा लॅबवाला आला, बॅग काखोटीला मारून.

"बघा बरं," दादा त्याला म्हणाला, "कॅप कशी वाटते?"

त्यानं दिवा ओढला, मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"ही डावीकडची ना? काम वाईट नाही. पण शेजारच्यापेक्षा पांढरी आहे. माझ्याकडे दिली असती तर..."

बाईंनी तोंडातला आरसा स्वतःच बाजूला केला.

"तो माझा स्वतःचा आहे," त्या म्हणाल्या. "सातव्या वर्षी आलाय."

मी हसले. चांगली खदाखदा हसले, लाज सोडून. लॅबवाला बॅगेची चेन लावत बसला. त्याच्यासाठी बांधून ठेवलेला साच्यांचा डबा दादानं उचलला आणि माझ्या हातात दिला.

"आता कुठल्या प्रोग्राममध्ये बघणार?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"कुठल्याही," मी म्हणाले. "डोळे माझेच आहेत."