दाराकडची बाजू

आमच्या कारखान्यात चकाकणाऱ्या काचेचं कौतुक बाकीचे करतात. माझ्या तपासणीच्या खोलीत उलटा न्याय आहे. इथे जी काच दिसत नाही ती चांगली, आणि जी उजळते ती टाकाऊ. बावीस वर्षं मी हेच करतेय. त्यामुळे माझा स्वभावही तसाच खोट काढणारा झालाय, असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

व्यवस्था साधी आहे. दिव्यासमोर एक करडी पट्टी, तिच्यापुढे दुसरी आणि मध्ये काच ठेवायला जागा. प्रकाशाच्या लाटा उभ्या, आडव्या, तिरक्या अशा सगळ्या दिशांनी हेलकावत येतात. पहिली पट्टी फक्त उभ्या हेलकाव्याला वाट देते आणि दुसरी फक्त आडव्याला, म्हणून पलीकडे काहीच पोचत नाही. मध्ये नीट निवालेली काच ठेवली तरी काळोखच राहतो. पण काच घाईने निवाली असेल तर तिच्या पोटात ताण अडकून बसतो. तो ताण लाटेचा हेलकावा वळवतो आणि पलीकडे रंग उमटतात, पिवळे, तांबडे, निळे. नवखी माणसं म्हणतात, काय सुंदर दिसतंय. मी मेणाच्या खडूने फुली मारते.

काच निववायचं काम क्विरिनकाकांचं. फुंकलेलं भांडं त्यांच्या भट्टीत दोन-दोन दिवस हळूहळू थंड होतं. त्या भट्टीच्या दाराशी त्यांनी एकेचाळीस वर्षं काढली. वेळेआधी दार किलकिलं करायची कुणाची टाप नव्हती. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना त्यांनी सुनावलं होतं की झाकणं उघडून बघायची हौस असेल तर घरी जाऊन बायकोच्या पातेल्यांची उघडा. किल्ली कायम गळ्यात. माझ्या खोलीला ते जत्रा म्हणत आणि तिथे कधी फिरकत नसत. काच कानाला कळते, त्यासाठी दिवे कशाला, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी ते स्वतःच आले. हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बघून घे, पोरी," ते म्हणाले. "तपासायचं नाही हं, नुसतं बघायचं."

बोटभर जाडीचं, रुंद तोंडाचं काचेचं पात्र होतं. त्यांनी नखाने टिचकी मारली तर ते असं घुमलं की मलाही दाद द्यावी लागली. त्यांची लेक द्राहोमीरा, तिला नऊ वर्षांनी मूल झालं होतं. रविवारी त्या चिमुकल्या आपोलेनाचा बाप्तिस्मा होता आणि पाणी आजोबांच्या पात्रात असणार होतं. आमचं चर्च हिवाळ्यात बर्फासारखं असतं, त्यामुळे फादरांकडची बाई ऐनवेळी किटलीतलं गरम पाणी ओतते, हेही ते कौतुकाने सांगत होते.

गरम पाणी ऐकलं आणि माझा हात आपोआप दिव्याकडे गेला.

"घरचं आहे ते," काका चिडले. "कारखान्याचं नाही."

मी ऐकलं नाही. एक बाजू काळी राहिली. दुसरी पेटल्यासारखी उजळली, रंगाचे पट्टेच्या पट्टे.

खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. अशी भांडी कपाटात वर्षानुवर्षं टिकतात. आणि एखादं असं असतं की कुणी हातही लावलेला नसताना एका दुपारी तडकतं. इथे तर वर गरम पाणी, आणि त्याच्यावर वाकवून धरलेलं तान्हं बाळ.

"काका, डोळा लावा इथे."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या जत्रेत डोकावलं. बराच वेळ बघत राहिले. मी पात्र तिरकं करून बूड दाखवलं. भट्टीत ठेवताना दाराकडच्या बाजूला बुडाशी मातीचं टिंब लावायची पद्धत त्यांनीच घातलेली. ते टिंब बरोबर रंगांच्या खाली होतं, म्हणजे गार हवा दारातूनच लागली होती.

"दार कोणी उघडलं?" मी विचारलं.

ते आधी फणकारले. किल्ली गळ्यात असताना कोण उघडणार? आणि आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळलं. ते स्टुलावर बसले.

"बोटभरच," ते हळूच म्हणाले. "नीट आहे का बघायला. मग पुन्हा वाटायचं, आता कसं दिसत असेल." शालीची घडी घालत म्हणाले, "नऊ वर्षं थांबलो गं. हे दोन दिवस नाही थांबवलं."

त्यांना चिडवायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते गिळलं. मी नाक शिंकरलं आणि म्हटलं, अजून शनिवार दुपारपर्यंत वेळ आहे. काच पुन्हा तापवून सावकाश निववली तर ताण निघून जाईल. हे मी कुणाला शिकवत होते!

काकांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मी मागितली तरी देऊ नकोस."

आणि मागितलीच. शुक्रवारी दोनदा. एकदा म्हणे आतून वेगळाच आवाज येतोय, एकदा म्हणे चष्मा तिथे राहिलाय. चष्मा नाकावर होता. मी खसखशीचा केक त्यांच्या हातात कोंबला आणि गप्प बसवलं. भट्टीकडे पाठ करून ते स्टुलावर बसून राहिले. बाहेरचा तापमानाचा काटा मी वाचून सांगायची आणि ते मान डोलवायचे.

शनिवारी तीन वाजता दार मी उघडलं. पात्र हाताला गार लागत होतं. खोलीत आणून टिंबाची बाजू मी दिव्यासमोर धरली. काका दारातच थांबले होते.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही."

ते आत आले, टोपी काढली आणि डोळा लावला. मिनिट गेलं, दोन गेली. माझा हात अवघडून आला.

"काका, एवढं काय बघताय? तिथे काही नाहीये."

"तेच बघतोय, पोरी," ते म्हणाले.