उष्टा पेरू

"राघूनं टोचलेला आहे का एखादा?" समतानं विचारलं.

पेरूची पाटी घेऊन बसलेल्या मंजुळाबाई हसल्या. "एवढे साजरे पेरू सोडून उष्टा काऊन पायजे तुले? कोणाचं लेकरू बोलत नाही?"

"आई बोलत नाही."

मंजुळाबाईंनी मान खाली घातली. बाजूला टाकलेल्या फळांतून चोचीची खूण असलेला एक पेरू शोधून तिच्या हातात ठेवला.

समता देऊळगाव राजाच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. गेल्या महिन्यात आईला, सिंधूताईंना, झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. मेंदूचा फोटो समोर धरून डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. समताला ते नीट समजलं होतं, हीच पंचाईत होती. संध्याकाळी विहारातून आवाज आला की आई सगळी वंदना न अडखळता म्हणायची. पाठ असलेलं असं टिकून राहतं, हेही समतानं वाचलं होतं. वंदना संपली की आईला 'समता' एवढंही म्हणता यायचं नाही.

समता चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. लोक तिला मुकी म्हणायचे. सिंधूताई पेरूच्या बागेत तोडणीला जायच्या. विहारातल्या बायकांना अंगारे-धुपाऱ्यांवरून झापणारी ही बाई, राघूचं उष्टं खाल्लं की मुकं लेकरू बोलतं म्हणून, तसले पेरू पदरात लपवून आणायची, दार लावून लेकीला भरवायची. बी.एस्सी.ला असताना समता म्हणाली होती, "काही मुलं उशिरा बोलतात गं. पेरूचा काय संबंध?"

"नसंन," आई म्हणाली होती. "पण मले तवा दुसरं काय येत होतं?"

घरी येऊन समतानं नळ सोडला; पेरू पाण्याखाली धरता धरता ती थबकली. धुतला तर तो उष्टा राहील का? रोज जंतू बघणाऱ्या पोरीनं नळ बंद केला. बशीत पेरूच्या फोडी केल्या, बिया काढल्या, एकीचा गर चुरला आणि चमच्यानं आईला भरवला.

"बोल ना माय."

सिंधूताईंनी सावकाश गिळलं. ओठ हलले. नुसता श्वास आला. समता वाट बघत राहिली. तिला काहीच बोलवेना.

मग सिंधूताईंनी डाव्या हातानं बशीतली उरलेली फोड उचलली, चोच लागलेली. ती लेकीच्या तोंडाशी नेली आणि तिच्या ओठांकडे बघत बसल्या.

समतानं तोंड उघडलं.