दिराचा कागद

केनवडात माझ्या तोंडी लागायला कोणी धजत नाही. आठ वर्षं मी इथे आशाचं काम करते. डोसाच्या दिवशी लेकरू लपवून ठेवणाऱ्या बाईला तिच्याच अंगणात फैलावर घेतलं आहे. माजी सरपंच म्हणाले, क्षयाच्या गोळ्या नेमानं घेतो, तर त्यांच्याकडूनही रिकामी पाकिटं मागून घेतली. 'कागद दाखवा' हे दोन शब्द माझ्या जिभेवरच असतात. एका घरी मात्र मी कागद मागितला नाही, आणि ते घर माझं होतं.

आमची भाजीची बागाईत. माझा नवरा देवमन मळा बघतो, धाकटा दीर मुकेश माल पिकअपमध्ये भरून वाशीमच्या बाजारात नेतो. मुकेशची बायको निकिता. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिला पहिल्यांदा दिवस गेले. सासूबाईंचे, तुळसाबाईंचे, पाय जमिनीवर ठरेनात.

तिसऱ्या महिन्यात मीच तिला उपकेंद्रात नेलं. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. सिस्टर प्रियदर्शनींनी मला आत बोलावलं आणि दार लोटलं. एचआयव्ही नव्हता, पण सिफिलिस निघाला. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात, तोच. तालुक्याच्या दवाखान्यात दुसरी तपासणी झाली, तिथेही तेच.

निकिता भिंतीला टेकून रडत होती. "ताई, मी कोनाकडं डोळा वर करून बी पाह्यलं नाई."

"मले माईत हाय," मी म्हटलं.

सिस्टरांनी तिला समजावून सांगितलं. हा आजार बरा होतो. आज इंजेक्शन घेतलं की पोटातलं लेकरू वाचतं. पण नवऱ्याचीही तपासणी झाली पाहिजे, त्यालाही इंजेक्शन बसलं पाहिजे. तोवर त्याला जवळ येऊ द्यायचं नाही. नाहीतर आजार परत तुझ्याकडे येईल आणि तुझ्यातून लेकराकडे. निकितानं कमरेत इंजेक्शन घेतलं. सुई जाड होती, तरी तिनं हूं की चूं केलं नाही.

राहिला मुकेश. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहावीत होता. त्याचा शाळेचा डबा मी भरलेला, त्याच्या डोक्याला तेल मी लावलेलं. आमच्यात वहिनी म्हणजे आईच्या जागी. गावभर निरोधाची पाकिटं वाटणारी मी, पण दिरासमोर माझी जीभ टाळूला चिकटली. वांग्याच्या क्रेटकडे बघत मी सिस्टरांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "वाशीमले जाऊन ये. यात लिवलं हाय तसं कर."

तीन दिवसांनी तो खाली मान घालून म्हणाला, "घेतली सुई, वैनी."

मीही मान खाली घातली. "बरं झालं," म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.

तोवर निकिता मळमळीचं निमित्त करून सासूबाईंजवळ निजत होती. मुकेश घुश्शात असायचा, पण ती बधली नाही. मी तिला सांगितलं, "घेतली त्यानं सुई. आता काई भेव नाई." सिस्टरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, की वाशीमला खासगीत दाखवलं. कागद आणून द्या म्हणाल्या, मी हो हो केलं आणि नेला नाही. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. दोन दिवसांनी निकिता आपल्या खोलीत परत गेली.

सातव्यात ओटी भरली. हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी तिनं मला पेढा दिला. आठव्यात एका सकाळी ती म्हणाली, "ताई, कालपासून लेकरू हालून नाई राह्यलं."

वाशीमला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती. डोक्यावर भरपूर केस. मी तिला फडक्यात गुंडाळून घेतलं. वजन काहीच नव्हतं, आणि तरी माझे हात भरून आले.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. आजार परत आला होता, पहिल्यापेक्षा जोरात. त्यांनी नवऱ्याचा कागद मागितला. मी बाहेर व्हरांड्यात आले. मुकेश बाकावर बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला विचारलं, "कागद कुठी हाय?"

तो ढसाढसा रडायला लागला. "वैनी, मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलतो. आत आपल्या वळखीचे लोक बसेल होते. तसाच वापस आलो. मले काई दुखतबी नव्हतं. लग्नाआधी एक फोड आलता, त्यो बी दुखला नाई, आपोआप गेला. मले वाटलं, गेला तं गेला."

फोड जातो, आजार जात नाही. हे वाक्य मी गावातल्या प्रत्येक बैठकीत म्हणते. माझा हात उठला होता. मग वाटलं, पहिली थोबाडीत कोणाला मारायची? हात खाली घेतला. त्याच दुपारी त्याचं रक्त तपासून घेतलं आणि इंजेक्शन बसेपर्यंत त्याच्या उशाशी उभी राहिले. किती सोपं होतं ते. दहा मिनिटंही लागली नाहीत.

घरी सासूबाई ओसरीवरून बोलत होत्या, "गरवारपनी ग्रहन पाळलं नाई इनं. मी सांगतलं होतं."

"आई, तिले बोल लावू नोका," मी म्हटलं. "चूक माही हाय." त्यापुढचं मी मुकेशकडे बघून गिळलं. त्यानं मान वर केली नाही.

आत निकिता पडून होती. दूध आलेलं, म्हणून छातीला पदर घट्ट बांधलेला. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

ती म्हणाली, "त्याचा कागद तुमी पाह्यला होता, ताई?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. "नाई," मी म्हटलं. "मागितलाच नाई. लाज वाटली मले."

तिनं डोळे मिटले. "मी त्याले दूर ठेवलं होतं. त्याच्या बोलन्यावर माहा भरोसा नव्हता. तुमी म्हटलं, म्हून मी गेली."

मी तिचा हात धरला. तिनं तो ओढून घेतला नाही, धरलाही नाही. म्हटलं, "पुढच्या येळी असं व्हनार नाई. मी सोता..."

"पुढं कदी दिवस राह्यले तं," ती हळूच म्हणाली, "माहं नाव चंदाबाईच्या यादीत टाकजा."

चंदाबाई म्हणजे खालच्या आळीतली आशा. मी "हो" म्हटलं.