नादकलशातली खिरापत

विलासच्या सरकारी क्वार्टरपुढे चपलांचा ढीग पार पेरूच्या झाडापर्यंत आला होता. आत बैठकीच्या खोलीत भोपाळच्या तुलसी नगरातली निम्मी मराठी मंडळी आणि जवाहर चौकातले दोन-चार दुकानदार मांडीला मांडी लावून बसले होते. सगळ्यांची नजर चौरंगावरच्या एका पितळी कलशावर होती. कलशात आंब्याची पानं, पानांवर शेंदूर फासलेला नारळ, नारळाला लाल धागा. आणि तो कलश गात होता.

हो, चक्क गात होता. जुन्या रेडिओवर सकाळी लागायचं तसं एक संथ भजन त्याच्या पोटातून येत होतं. कलशावर हात धरून झंकारबाबा डोळे मिटून डोलत होते.

समोरच्या खुर्चीत शारदाकाकू होत्या, विलासची आई. वय ऐंशी. घटकाभरापूर्वी त्या साड्यांचं गाठोडं छातीशी धरून ओरडत होत्या, "सोडा मले! अकोल्याले जायचं हाये, माय वाट पाहून राहिली!" काकूंची आई जाऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील. दिवेलागण झाली की रोज हेच. सुनेला, सुलभाला, त्या ओळखत नव्हत्या, कधी फटका मारत, कधी दार बडवत. शेजाऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की काकूंना बाहेरचं लागलंय.

कलश गाऊ लागला आणि काकूंच्या हातातलं गाठोडं सुटलं. बोटं ताल धरू लागली. मग पोटच्या मुलाचं नावही न आठवणाऱ्या काकूंनी त्या भजनाचं अख्खं कडवं म्हटलं, एकही शब्द न चुकता.

"जय हो!" खोली दणाणली. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. मी मंगला, चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आणि बाबा-बुवांच्या बाबतीत पहिल्यापासून नाठाळ. पण काटा आला तो आला.

बाबांनी डोळे उघडले. "देखा? ये नाद इस कलश में हिमालय से बंद है। ब्रह्मांड की फ्रीक्वेंसी है। विदेश के वैज्ञानिक आए थे, मशीन लगाई, मशीन जल गई।"

"मशीन कौनसी थी, महाराज?" मी विचारलं.

"बड़ी वाली," बाबा म्हणाले. "और कलश को कोई छुएगा नहीं। छुआ, तो नाद उड़ जाएगा।"

मग त्यांनी विलासला जवळ बोलावून आज्ञा केल्या. माताजींच्या डॉक्टरी गोळ्या आजपासून बंद, कारण गोळी नाद को काटती है. आणि कोजागिरीला, चंद्र उगवायच्या आत, माताजी रायसेन रोडवरच्या आश्रमात जातील आणि बऱ्या होईपर्यंत तिथेच राहतील. घरच्यांनी भेटायला यायचं नाही, त्यांच्या मोहाने नाद पातळ होतो म्हणे. विलासने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी सुलभाला बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात गाठलं. मी तोंड उघडायच्या आतच तिचा बांध फुटला. "मंगलाताई, विज्ञान नंतर सांगा. आधी आईंसोबत संध्याकाळचे दोन तास काढून दाखवा. बघा, हा दंड काळानिळा झालाय. मला रात्रीची झोप नाही. त्या माणसाने माझ्या सासूला पहिल्यांदा शांत केलं हो! मी त्याचे पाय धरीन नाहीतर काय करीन?"

ती भोळी नव्हती, थकली होती. बुडणाऱ्या माणसाला पोहण्याचे नियम सांगून काय उपयोग?

तिच्यासोबत घरी गेले. विलास होता. मी एवढंच विचारलं, "कलशाला काकूंच्या आवडीचं भजन कसं कळलं रे?"

"तोच तर चमत्कार! आम्ही एका शब्दाने सांगितलं नव्हतं."

"कोणालाच?"

"अजिबात नाही. म्हणजे त्यांच्या शिष्याचा फोन आला होता आधी, आई तरुणपणी काय ऐकायची ते विचारायला. पण ते राशी जुळवण्यासाठी."

तो अत्यंत गंभीर होता. मंत्रालयात फायलींवर बारीक बारीक शेरे मारणारा हा माणूस!

बाबा लबाड होता हे उघड होतं, पण काकू शांत झाल्या होत्या हेही तितकंच खरं. ते कोडं सोडवल्याशिवाय सुलभापुढे उभं राहण्यात अर्थ नव्हता. माझी जुनी विद्यार्थिनी मृणाल आता डॉक्टर आहे, असेच रुग्ण बघते. तिला फोन केला.

"मॅडम, यात नवल काहीच नाही," ती हसून म्हणाली. "स्मृतिभ्रंशात नावं, तारखा, कालचं-परवाचं आधी पुसलं जातं. पण लहानपणी आणि तरुणपणी मुरलेली गाणी बऱ्याच जणांत खूप उशिरापर्यंत टिकतात. संध्याकाळी अशा माणसाला आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं, भीती वाटते, म्हणून तो ओरडतो. ओळखीचं गाणं कानावर पडलं की भीती ओसरते. आम्हीही उपचारात संगीत वापरतोच. त्याने आजार बरा होत नाही हं, पण संध्याकाळ सोपी जाते. टीव्ही बंद ठेवा, अंधार पडायच्या आधी दिवे लावा, आणि त्यांच्या अगदी जुन्या गाण्यांपासून सुरू करा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, एवढं नक्की सांगा."

अगदी जुनी गाणी! मी कपाळावर हात मारला. काकू वऱ्हाडातल्या. राज्याची राजधानी बदलली तेव्हा नागपूरहून कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेल्या घरात लग्न होऊन आल्या त्या भुलाबाईचा, विदर्भातल्या पोरींच्या गाण्यांचा, सण सोबत घेऊन. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही क्वार्टरमधल्या पोरी टिपऱ्या घेऊन त्यांच्या अंगणात जमायचो, मातीच्या भुलोजी-भुलाबाईपुढे गाणी म्हणायचो. शेवटी खिरापत. पण ती सुखासुखी मिळायची नाही. काकू बंद डबा कानाशी खुळखुळ वाजवून दाखवायच्या आणि आत काय आहे ते ओळखायला लावायच्या. ओलं की सुकं, गोड की तिखट? कोणालाच नाही जमलं तर विचारायच्या, "हरल्या का? हरल्या म्हना!" आम्ही हरलो म्हटल्यावरच झाकण उघडायचं. इतका खमका न्याय मी पुढे कुठे पाहिला नाही.

आणि दिवसही भुलाबाईचेच चालू होते.

त्या संध्याकाळी ऊन असतानाच मी विलासकडे गेले. टीव्ही बंद केला, दिवे लावले, लाटणी वाजवत भुलाबाईचं पहिलं गाणं सुरू केलं. माझा आवाज म्हणजे फाटकी चटई. काकूंनी गाठोडं उचललं होतं, ते तसंच धरून त्या थबकल्या. दुसऱ्या ओळीला म्हणाल्या, "काहून चुकून राहिली व पोरी? असं नाही, असं!" आणि त्यांनी गाणं माझ्या हातातून काढूनच घेतलं. एकामागून एक गाणी झाली. शेवटचं संपताच त्यांनी हात पुढे केला, "खिरापत कुठी हाये?"

मी मुरमुऱ्यांचा डबा दिला. त्यांनी कानाशी वाजवला, डोळे बारीक केले. "सुकं हाये," म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीही हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली.

मला वाटलं जिंकले. पण विलास हात जोडून म्हणाला, "बघा, बाबांच्या नादाचं तेज घरात अजून आहे!"

गोळ्या देवघरात बाबांच्या फोटोखाली पडून होत्या, आणि त्या बंद झाल्यापासून काकूंची झोप पार उडाली होती. विलासने शब्द दिला होता. कोजागिरीला काकू जाणार म्हणजे जाणार.

कोजागिरीच्या संध्याकाळी दारात जीप येऊन उभी राहिली. चपला पुन्हा पेरूपर्यंत. कलश चौरंगावर बसला, शिष्य कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला, एक हात खिशात. तो हात मी आल्यापासून पाहत होते.

"महाराज," मी अगदी गरीब आवाजात म्हटलं, "आज भुलाबाईचा शेवटचा दिवस. माताजी के जाने से पहले दो गाने हो जाएँ?"

बाबा कुरकुरले, पण बायका ऐकतात कसल्या! निम्म्या जणी विदर्भातल्या, बाकीच्या त्यांच्या सुना-लेकी. कोणी लाटणी आणली, कोणी टाळ्यांवर भागवलं. काकूंची खुर्ची मी जरा पुढे, चौरंगाजवळ ओढली. माझा खिरापतीचा डबा मुद्दाम आत ओट्यावर ठेवला होता. प्रयोगाची मांडणी कशी करायची, एवढं तर चाळीस वर्षांत कळलंच होतं.

गाणी रंगली. काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर. शेवटचं गाणं संपलं आणि सवयीने त्यांनी खिरापत शोधली. समोर तोंड बंद केलेलं पितळी भांडं! काकूंनी ते दोन्ही हातांनी उचललं.

"माताजी, नहीं! नाद उड़ जाएगा!" बाबा ओरडले. तोवर कलश काकूंच्या कानाशी खडखडत होता.

"सुकं हाये," काकूंनी जाहीर केलं.

आणि मग जे झालं ते फक्त आमच्याच बायकांकडून होऊ शकतं. "लाडू!" कोणीतरी ओरडलं. "सुपारी!" "काकू, तिखट की गोड?" भक्तिभाव कुठल्या कुठे गेला, सगळ्या पुन्हा परकरातल्या पोरी झाल्या. काकू मान हलवत होत्या. "हरल्या का? हरल्या म्हना!"

"हरलो!" अख्खी खोली म्हणाली.

काकूंनी नारळ उपटला, पानं फेकली, कलश मांडीवर उपडा केला. आतून पडला मुठीएवढा काळा स्पीकर, त्यावर निळा दिवा लुकलुकत होता.

शिष्य घाबरला. खिशातलं त्याचं बोट नको तिथे दाबलं गेलं असावं, कारण काकूंच्या मांडीवर हिमालयातला नाद एकदम मोठ्याने गाऊ लागला. शिष्य दाराकडे पळाला. तो पायऱ्यांवर गेला तेव्हा भजन अडखळलं, पेरूखाली चपलांत पाय अडकून पडला तेव्हा तुटक झालं, आणि फाटकाबाहेर पोचला तेव्हा बंद पडलं.

"घ्या!" मी म्हटलं. "ब्रह्मांडाची फ्रीक्वेंसी फाटकापर्यंतच पोचते. गाणं त्या पोराच्या मोबाइलमध्ये होतं. बिनतारी स्पीकर आहे हा, जवाहर चौकात कुठल्याही दुकानात मिळतो. आणि कोणतं भजन लावायचं ते विलासनेच फोनवर सांगितलं होतं."

हशा उसळला. जवाहर चौकातल्या एका दुकानदाराने स्पीकर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दीदी, ये तो मेरी ही दुकान का माल है!" बाबा तेवढ्यात जीपमध्ये जाऊन बसले होते. कलश न्यायलाही थांबले नाहीत.

सुलभा मात्र हसली नाही. "पण आई शांत झाल्या होत्या ना? म्हणजे गाणं खरं आणि बाबा खोटा?"

"अगदी बरोबर. गाणं काकूंचं स्वतःचं आहे, लहानपणापासून त्यांच्या डोक्यात आहे. त्यासाठी आश्रम नको, कलश नको. संध्याकाळी कोणीतरी शेजारी बसून म्हणायला हवं, बस." मृणालने सांगितलेलं सगळं मी सगळ्यांना सांगितलं. आजार जाणार नाही, हेही सांगितलं. खोटा धीर द्यायला मी काही बाबा नाही.

बायकांनी तिथेच वार वाटून घेतले. आता रोज दिवेलागणीला कोणीतरी येतं, आणि सुलभा तेवढा वेळ बाहेर फिरून येते. एखाद्या दिवशी गाणंही चालत नाही, काकू गाठोडं सोडत नाहीत. मग आम्ही त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जाऊन येतो.

त्या कोजागिरीच्या संध्याकाळी विलासने देवघरातल्या गोळ्या उचलल्या, मृणालला फोन करून पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारलं, आणि आईच्या पायाशी येऊन बसला. मी आतून खरा डबा आणला. काकूंनी तो वाजवला आणि विलासकडे पाहिलं. तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"ओळख पाहू रे पोरा."

"हरलो, आई," विलास म्हणाला.

काकूंनी झाकण उघडलं आणि मूठभर मुरमुरे त्याच्या ओंजळीत घातले.

वाचकहो, आपल्या माणसाचं दुखणं बघवत नाही तेव्हा कोणीतरी बंद कलश घेऊन येतोच, आणि त्याला हात लावू नका असंही सांगतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना हाक मारा, आपल्या माणसाची गाणी आठवा. आणि हात जोडायच्या आधी तो कलश कानाशी धरून एकदा वाजवून बघा.