केसभर वाकडा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे, मूर्तींचाही नव्हे. मी ओठांचा साचा आहे. हसू नका, आधी पूर्ण ऐका.

अंगठ्याच्या पेराएवढी पितळी पट्टी, तिच्या मधोमध कापलेला वरच्या ओठाचा आकार आणि मागे धरायला दुमडलेला एक कान, एवढाच माझा देह. मला ओठांवर टेकवायचं, मोकळ्या जागेत बोटाने रंग भरायचा आणि अलगद उचलायचं. ज्यांचा हात स्थिर नाही आणि ज्यांनी कधी रंगाला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी माझा जन्म झाला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण बहुधा मला पाहूनच सुचली असावी. मी थोडा गर्विष्ठ आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पण माझी गोष्ट ऐकलीत, तर तुम्हीच म्हणाल की याला शोभतं.

शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या नटण्यात मोठी उलथापालथ झाली. लांब केस कानांपर्यंत आले, भुवया दोऱ्याएवढ्या बारीक झाल्या, डोळ्यांभोवती काजळ दाटलं आणि ओठ मात्र लहान झाले. तोंड कितीही मोठं असो, ओठ चिमुकलेच रंगवायचे आणि वरच्या ओठाला मधोमध दोन टोकदार उंचवटे काढायचे. ते उंचवटे काही केल्या कुणाला नीट जमेनात. तेव्हा बटणांच्या एका कारखानदाराने ठरवलं की बटणं पुष्कळ झाली, आता ओठ करू.

पहिला नमुना घासायला दिला एका वयस्क कारागिराला. त्याने डोळ्यांपुढे आणला आपल्या मुलीचा ओठ. ती हसायची ते नेहमी डावीकडून, त्यामुळे तिच्या ओठाचा डावा उंचवटा केसभर वर होता. कारागीर इमानी होता. पाहिलं तसं त्याने घासलं. तोच मी.

तपासनीसाने मला उजेडात धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"डावीकडे वर गेलाय हा. भंगारात टाका."

"साहेब, तोंड कुणाचं सरळ असतं?" कारागीर म्हणाला.

तपासनीसाचं तोंड अजून वाकडंच होतं, पण त्याला ते कोण सांगणार? दुसरे सरळ साचे हजारांनी निघाले आणि मी कारागिराच्या खिशातून त्याच्या घरी आलो. मित्रांनो, ते सरळ साचे आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही. मी इथे आहे.

कारागिराची मुलगी टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती. उंच फळीवरच्या भोकांत तारा खोचून लोकांचे फोन जोडून द्यायचे, असं ते काम. नटायच्या पहिल्या दिवशी तिने काजळाची वडी ओली करायला घेतली आणि नेमकी तेव्हाच शिंकली. दोन्ही गाल काळे. ते झाकायला तिने पावडर थापली, तेव्हा तिची आई म्हणाली, "पिठाच्या डब्यात पडलीस का गं?" माझ्याशी मात्र तिचं पहिल्याच दिवशी जमलं. माझा आकार तिचाच होता ना!

कचेरीतल्या मुख्य बाई कडक होत्या. रोज सकाळी हिचे रंगवलेले ओठ बघून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तारेतून ओठ दिसतात का गं?"

"दिसत नाहीत बाई, पण ऐकू येतात," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या शेजारच्या मुली मला मागून नेऊ लागल्या. महिन्याभरात एका रांगेत बसलेल्या सहाही जणींचे ओठ डावीकडे केसभर वर गेले. सहा तोंडांवर एकटा मी! असा मान कुठल्या सरळ साच्याला मिळालाय का, विचारा. मग तिने एक फोटो काढून घेतला. तो फोटो लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोटाळा केला.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. ओठ पुन्हा मोठे झाले. फोन आपोआप लागू लागले, तारा खोचणारे हात घरी बसले. गरज सरो, वैद्य मरो. मी बटणांच्या डब्यात पडलो, तो पडलोच. जन्मलो बटणांच्या कारखान्यात आणि लोळलो बटणांत, याला काय म्हणावं? मुलांना मी हूक वाटलो, मोठ्यांना तुटकी चावी. टेलिफोनवाली आजी झाली, पणजी झाली, भिंतीवर फोटोत गेली. डबा तिच्या मुलीकडे आला, मुलीकडून नातीकडे. शेवटी मी जिच्या हाती लागलो, ती तिची पणती. धंद्याने पाट्या रंगवणारी. अंगावर सदैव रंगाचे ठिपके, म्हणून घरात तिला सगळे ठिपकी म्हणत.

ठिपकीने मला कशासाठी वापरावं? रंगाच्या डब्यांची झाकणं उघडायला! ज्याने सहा जणींचे ओठ सजवले, तो आता तेलरंगाच्या डब्यात नाक खुपसत होता. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू मी तिचा हात बघू लागलो. तो एका दमात अक्षर काढायचा, पट्टी न लावता. असा हात चुकीच्या डब्यावर चालतोय, असं मला राहून राहून वाटायचं.

ठिपकीचा मामा रंगभूषाकार होता, म्हणजे नाटकातल्या नटांचे चेहरे रंगवणारा. गावातल्या लहानशा नाट्यगृहात चाळीस वर्षं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी ब्रश धरला नव्हता. चाळीस वर्षांच्या त्याच्या मिशाही तशाच प्रसिद्ध होत्या. आणि आता त्याचा हात थरथरू लागला होता. चहाची बशी वाजायची, म्हणून तो चारचौघांत चहा नको म्हणायचा. नाट्यगृहात कुणाला याचा पत्ता नव्हता.

अशात नवं नाटक आलं, शंभर वर्षांपूर्वीच्या टेलिफोनवालीचं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. दोऱ्याएवढी भुवई थरथरत्या हाताने कशी काढणार?

तो ठिपकीला म्हणाला, "तू कर. पणजीचा फोटो आहे ना, तो बघून कर. विचारलं तर सांग, मामाला बरं नाही."

"मामा, मी पाट्या रंगवते. पाटी हलत नाही, बोलत नाही."

"पाटी रागावतही नाही. शिकशील."

ठिपकीने फोटो समोर ठेवला आणि नायिकेचा चेहरा रंगवला, जसा फोटोत दिसतो तसाच. फोटोत पणजीचे ओठ काळेभोर दिसत होते, म्हणून तिने काळपट जांभळा रंग लावला. शिवाय सवयीने सगळ्याला ठसठशीत रेघ मारली, रस्त्यापलीकडून वाचता यावी अशी. बिचारी नायिका रंगमंचावर आली आणि दिग्दर्शक दहाव्या रांगेतून उठून पुढे आला.

"ही टेलिफोनवाली आहे की शाईची दौत?" तो म्हणाला. "उद्या चार वाजता रंगीत तालीम. तेव्हा चेहरा जमला नाही, तर मी दुसरा रंगभूषाकार बोलावतो. मामांना तसं सांगा."

घरी येऊन ठिपकी मामाला सांगू लागली की फोटो जुना, आरसा मळका, दिवा मिणमिणता.

"नाचता येईना अंगण वाकडं," मामा म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "चूक माझी आहे. जुन्या फोटोत लाल रंग काळा उमटायचा, हे मी सांगायला हवं होतं. तोंड लपवून घरी बसलो. पण कुठला लाल, ते मलाही माहीत नाही. लालही शंभर असतात."

"मग राहू दे मामा. उद्या दुसरा येऊ दे. मला आपल्या पाट्याच बऱ्या."

असं म्हणून तिने रागाने मला उचललं, पाट्यांच्या रंगाचा डबा उघडला आणि मला टर्पेंटाइनच्या बोळ्याने खसाखसा पुसलं. इतकी वर्षं मी हेच तर जपून ठेवलं होतं! माझ्या दुमडलेल्या कानाच्या खाचेत, जिथे कुणाचं बोट पोचलं नाही, तिथला वाळलेला रंग भिजला आणि बोळ्यावर उतरला. नारिंगीकडे झुकणारा, पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल.

ठिपकीने डबा पाहिला. डब्यात हिरवा रंग होता.

"मामा, हा लाल कुठून आला?"

मामाने मला हातात घेतलं. हात इतका हलत होता की मी त्याच्या अंगठीवर टणटण वाजलो. शेवटी त्याने मला फोटोशेजारी टेबलावर ठेवलं आणि भिंग धरायला ठिपकीला सांगितलं.

"डावा उंचवटा बघ. फोटोत बघ, मग यात बघ."

"वर आहे. दोन्हीत वर आहे!"

"वेडे, तू आजवर पणजीच्या ओठांनी डबे उघडत होतीस."

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं, ते सांगायला माझ्याकडे तोंड आहे पण शब्द नाहीत.

रंग सापडला, साचा सापडला. आता सराव करायला चेहरा कुणाचा? मामा उठला, आरशासमोर गेला आणि मिशांवरून एकदा हात फिरवला.

"मामा, नको. चाळीस वर्षांच्या आहेत."

"मिशा दोन महिन्यांत परत येतात. गेलेली अब्रू येत नाही. घे वस्तरा, माझ्या हातात देऊ नकोस."

मिशा गेल्या. मग मामा खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या शिकवू लागला. भुवयांवर ओला साबण घासून त्या चापून बसवायच्या, वर पावडर मारायची आणि मग नवी बारीक भुवई काढायची, शेवट खाली झुकलेला. काजळ रेघेत ठेवायचं नाही, बोटाने पसरायचं. ओठांचे दोन्ही कोपरे त्वचेच्या रंगाने झाकायचे आणि मग मला मधोमध टेकवायचं. ठिपकीने मला टेकवून लगेच कडेने रेघ ओढली.

"पुन्हा पाटी!" मामा ओरडला. "आपल्या नाट्यगृहात शेवटची रांग पंधरा पावलांवर आहे. कडेला बोट फिरव, रेघ विरू दे. पूस, परत कर."

सात वेळा पुसलं, सात वेळा केलं. पाचव्या वेळी शेजारीण कात्री मागायला आली. तिने लाल ओठांचा, बारीक भुवयांचा मामा पाहिला आणि "नंतर येते" म्हणून दारातूनच परतली. आठव्यांदा मला उचललं तेव्हा मामाने आरशात पाहिलं. तो म्हणाला, "आजी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काजळ पसरेल म्हणून त्याने ते तसंच धरून ठेवलं. रंगभूषाकार तो!

दुसऱ्या दिवशी मामा तिच्यासोबत गेला. ठिपकीने नायिकेचा चेहरा केला, मामा मागे हात बांधून उभा राहिला. दिग्दर्शक आला. पाच पावलांवरून त्याने बघितलं, मग जवळून.

"छान. पण ओठ डावीकडे वर गेलाय. पुसून सरळ करा."

ठिपकीने मामाकडे पाहिलं. मामाने मुद्दाम छताकडे पाहिलं. माझं पितळ गार पडलं. पुन्हा तेच, पुन्हा भंगार!

"पुसणार नाही," ठिपकी म्हणाली. "तोंड कुणाचं सरळ असतं?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मित्रांनो. हे वाक्य मी शंभर वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि कुणाला सांगू शकलो नव्हतो. तिच्या रक्तातूनच ते आलं असणार. दुसरं काय म्हणू?

दिग्दर्शक दहाव्या रांगेत जाऊन बसला. त्याला डोळे मिटून तालीम ऐकायची सवय होती. पडदा वर गेला, नायिकेने तार खोचली आणि म्हणाली, "हॅलो, कुठला नंबर हवाय?"

दिग्दर्शकाने डोळे न उघडताच विचारलं, "मामा, हिच्या आवाजाला आज काय झालंय? ही हसते आहे."

नायिका हसत नव्हती. हसत होता डावा उंचवटा. दिसत नाहीत बाई, पण ऐकू येतात!

तेव्हा मामा पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हा चेहरा माझ्या भाचीने केलाय, माझ्याच तोंडावर सराव करून. माझा हात आता चालत नाही. यापुढे ब्रश ती धरेल, चुका मी काढेन." असं म्हणून त्याने थरथरणारे दोन्ही हात सरळ समोर धरले. ते लपवायचं ओझं उतरल्यावर माणूस केवढा ताठ उभा राहतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"तरीच मिशा दिसत नाहीत," दिग्दर्शक म्हणाला. मग त्याने सगळ्यांसाठी चहा मागवला आणि मामाने सर्वांसमोर बशी वाजवत तो प्यायला.

नाट्यगृहाबाहेरची मोठी पाटी अर्थात ठिपकीनेच रंगवली. शेवटच्या ओळीत तिने "रंगभूषा" लिहिलं आणि पुढे मामाचं नाव घालायला निघाली. मामा खालून म्हणाला, तुझं लिही. ती वरून म्हणाली, तुझं. शिडी डुगडुगायला लागली, तेव्हा तिने लिहिलं, "रंगभूषा: मामा-भाची." मग तिने खिशातून मला काढलं, ओळीच्या शेवटी टेकवलं, लाल रंग भरला आणि अलगद उचललं.

मित्रांनो, आता मी मामाच्या पेटीत, मखमलीच्या तुकड्यावर असतो. तुमच्याही घरी एखादा बटणांचा डबा असेल. तो एकदा उपडा करा. जे ओळखू येणार नाही, ते फेकू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, पण वेळेवर विचारा. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून ऐंशी वर्षं गेली. आणि कुणाचा हात थरथरत असेल, तर त्याच्याकडून काम काढून घेण्याआधी एकदा त्याच्याकडून शिकून घ्या.

मात्र रंगाचा डबा उघडायला चमचा वापरा. आणि कधी त्या पाटीखालून गेलात, तर मान वर करून ओळीच्या शेवटी बघा. डावीकडे केसभर वर आहे ना? तो मी.